मोठं इंजिन लावलं तरी छोटी लाकडी लाँच पळत का नाही?

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच कितीही धडधडली तरी आपल्या चालीनेच जाते, आणि लोक उगाच इंजिनाला नावं ठेवतात. खरी अडवणूक पाणी करतं.

बोट पुढे जाताना पाणी बाजूला सारते आणि त्याची लाट उठते, ही लाट बोटीसोबतच चालते. आता पाण्याचा नियम असा की लाट जितकी लांब तितकी ती जोरात पळते, म्हणजे बोटीचा वेग वाढला की तिची लाटही लांबत जाते. एका वेगाला ती बरोब्बर बोटीएवढी लांब होते. त्याच्या पुढे रेटलं तर मागची बाजू लाटेच्या खळग्यात बसते, नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर जाते आणि बोट आपणच उठवलेल्या लाटेचा चढ चढत बसते, इंधन धडाधड जळतं पण वेग जेमतेम वाढतो. ५ मीटरच्या बोटीला हा वेग ताशी साधारण १० किमी, १० मीटरच्या बोटीला १४. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने १८६७ मध्ये डार्ट नदीत छोटी मॉडेल्स ओढून हे गणित बसवायला घेतलं, नंतर टॉर्की गावात खास लांबलचक टाकी बांधून त्यात मेणाच्या बोटी ओढल्या.

स्पीडबोट या लाटेवर चढून पाण्यावर घसरत जाते, पण त्यासाठी सपाट रुंद बूड, हलकं वजन आणि तगडं इंजिन लागतं, सगळा पैसा तिथेच जातो. १० किमीवर समाधान मानलं तर अर्ध्या टनाच्या लाँचला ३-४ हॉर्सपॉवर पुरतात. १९०९ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत ओले एव्हिनरूडने विकायला काढलेलं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन) तर फक्त दीड हॉर्सपॉवरचं होतं!

बाकी खर्च लाकडाचा, तो प्लायवूडने उतरवला. साध्या फळ्या पाण्यात फुगतात, उन्हात आकसतात आणि फटी पडतात, प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने तो फारसा हलत नाही (गोंद मात्र वॉटरप्रूफच हवा, फर्निचरचा प्लाय बोटीला लावणं म्हणजे पैसे पाण्यात). १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये मिरर नावाची छोटी शिडाची होडी आली, तिचे प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी रेझिनने चिकटवायची, लोकांनी घरच्या गॅरेजमध्ये अशा हजारो बांधल्या. हीच पद्धत छोट्या मोटर लाँचलाही चालते.

हौशी माणसाने विकत घेताना मागची बाजू बघावी. संथ लाँचचं बूड मागे निमुळतं होत वर उचललेलं हवं, म्हणजे पाणी गुळगुळीत मिटतं. मागे पाणी उकळल्यासारखं खवळत असेल तर थ्रॉटल कमी करा. वेग पाचव्या हिश्शाने उतरवला तर ताकद निम्मी किंवा त्याहून कमी लागते, म्हणून इलेक्ट्रिक मोटर असेल तर तीच बॅटरी दुप्पट वेळ चालते आणि अंतरही दीडपट कापून होतं.