‘झिजले’ इंग्रजीत लिहिताना : डाउन, आउट, अवे की ऑफ?

सर्व्हिस रिपोर्ट, वॉरंटीची पत्रे, भाडेकराराचा पत्रव्यवहार आमच्याकडून इंग्रजीत लिहून किंवा तपासून घेणाऱ्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. मराठीत ब्रेक पॅड झिजतो, पायरी झिजते, चप्पल झिजते आणि माणूसही झिजतो. इंग्रजीतही क्रियापद एकच आहे, ‘वेअर’. पण त्याच्या शेपटीला कोणता शब्द लावला यावर अर्थ ठरतो, आणि कधीकधी क्लेम मंजूर होणार की नाही हेसुद्धा.

वेअर डाउन

जाडी, उंची किंवा धार हळूहळू कमी होत असेल तिथे ‘डाउन’. याच्यासोबत माप द्या, नाहीतर वाक्य अर्धवट राहते. ‘द पॅड्स हॅव वॉर्न डाउन टू थ्री मिलिमीटर्स.’ यातला ‘टू’ जपून लिहायचा. नव्या पॅडवरचा घर्षणाचा थर 10 मिमी होता असे धरा. ‘टू थ्री’ म्हणजे 3 मिमी उरला, पॅड बदलायला आला. ‘बाय थ्री’ म्हणजे 3 मिमी झिजला, 7 अजून शिल्लक. मराठीत ‘तीनवर आला’ आणि ‘तीनने कमी झाला’ यांत कुणी गोंधळत नाही. इंग्रजीत घाईत हाच घोटाळा होतो, मग धडधाकट पॅड काढले जातात किंवा संपलेले तसेच गाडीत राहतात. सर्वांत सुरक्षित म्हणजे ‘फ्रॉम टेन टू थ्री’ असे दोन्ही आकडे लिहिणे.

शब्दांचा क्रम : ‘वेअर द पॅड्स डाउन’ आणि ‘वेअर डाउन द पॅड्स’ दोन्ही बरोबर. पण नामाऐवजी ‘देम’ किंवा ‘इट’ आले की ते मध्येच बसते : ‘वेअर देम डाउन’. ‘वेअर डाउन देम’ चूक.

माणसांच्या बाबतीत ‘डाउन’ म्हणजे विरोध मोडून काढणे. ‘दे वोअर अस डाउन ऑन द प्राइस’ याचा अर्थ घासाघीस करकरून शेवटी आम्हाला भाव उतरवायला लावला. ‘दे वोअर अस आउट’ म्हणजे नुसते दमवले. भाव उतरला की नाही, ते त्यातून कळत नाही.

वेअर आउट

हा निकाल आहे. ‘द क्लच प्लेट इज वॉर्न आउट’ असे लिहिले की प्लेट कामातून गेली, बदलावीच लागेल. त्यामुळे ‘फिफ्टी पर्सेंट वॉर्न आउट’ लिहू नका. ‘अबाउट हाफ वॉर्न’ पुरे. नामाच्या आधी आले तर मध्ये जोडरेघ द्या : ‘अ वॉर्न-आउट बेअरिंग’.

बॅटरीबद्दल विशेष जपा. चार्ज उतरला असेल तर ‘रन डाउन’, आयुष्यच संपले असेल तर ‘वॉर्न आउट’. पहिलीला चार्जर लागतो, दुसरीला नवी बॅटरी. नुसते ‘बॅटरी डाउन’ लिहिले तर वाचणाऱ्याला यातले काय करायचे ते समजत नाही.

‘आय ॲम वॉर्न आउट’ हे गप्पांत ठीक. रजेच्या अर्जात ‘एक्झॉस्टेड’ बरे, आणि आजार असेल तर सरळ आजाराचे नाव.

अवे आणि ऑफ

पृष्ठभागच हळूहळू नाहीसा झाला तर ‘अवे’, वर चढवलेला थर निघाला तर ‘ऑफ’. मशीनच्या पाटीवर कोरलेला सीरियल नंबर पुसट झाला : ‘वॉर्न अवे’. तोच नंबर नुसता छापलेला असेल तर ‘वॉर्न ऑफ’. मुलामा, रंग, तसेच औषधाचा किंवा भुलीचा अंमल उतरणे, सगळीकडे ‘ऑफ’. अंमल आपोआप उतरतो, डॉक्टर उतरवत नाहीत; म्हणून ‘द डॉक्टर वोअर ऑफ द अनस्थेशिया’ असे वाक्य होत नाही. घासून आरपार भोक पडले, उदाहरणार्थ होज पाइपला, तर ‘वॉर्न थ्रू’.

वॉरंटीच्या पत्रात हा शब्द कधी टाळावा

बहुतेक वॉरंटींतून ‘नॉर्मल वेअर अँड टेअर’, म्हणजे नेहमीच्या वापराने होणारी झीज, वगळलेली असते. गिअरचा दात तुटला असताना तुम्ही ‘वॉर्न’ लिहिले, तर स्वतःच्या हाताने क्लेम नाकारायचे कारण दिलेत. तुटला तर ‘ब्रोकन’, टवका उडाला तर ‘चिप्ड’, तडा गेला तर ‘क्रॅक्ड’, गंजून खाल्ले तर ‘करोडेड’. रेतीमिश्रित पाण्याने पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारे फिरते चाक) खाल्ला असेल तर ‘इरोडेड’. खरोखरच झीज असेल तर मात्र ती लपवू नका. तुटलेल्या आणि झिजलेल्या कडेतला फरक तपासणाऱ्याला दिसतो. झीज वेळेआधी झाली असेल तर ‘वोअर आउट प्रीमॅच्युअरली’ लिहा आणि किती तास चालले, किती चालायला हवे होते, हे पुढे द्या. त्या आकड्यांवरच पत्राचे वजन आहे.

घराच्या पत्रव्यवहारातही हाच शब्दप्रयोग येतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, भाडेपट्टेदाराने मालमत्ता चांगल्या स्थितीत परत द्यायची असते, पण ‘रीझनेबल वेअर अँड टेअर’ने झालेले बदल सोडून. लिव्ह अँड लायसन्स हा भाडेपट्टा नव्हे. तिथे करारातले कलम वाचून मगच लिहावे.

‘टेअर’चे स्पेलिंग अश्रूच्या इंग्रजी शब्दासारखेच आहे, पण इथे उच्चार ‘टिअर’ नाही. क्रियापदाची रूपे वेअर, वोअर, वॉर्न. ‘वेअर्ड आउट’ असे काही नसते. ‘वॉर्न’मध्ये ओ आहे. तिथे ए पडला की अर्थ ‘इशारा देणे’ होतो, आणि तोही खरा शब्द असल्याने स्पेलचेक लाल रेघ मारेलच असे नाही.

‘कचेरीचे उंबरठे झिजवले’ शब्दशः नेऊ नका. इंग्रजी वाचणारा खरेच लाकडाचा विचार करील. किती वेळा, कोणत्या तारखांना गेलात ते लिहा. ‘संस्थेसाठी देह झिजवला’ यालाही ‘वोअर हिमसेल्फ आउट’ चालत नाही, त्यात दमून भागल्याचा सूर येतो. मानपत्रात ‘डिव्होटेड हिज लाइफ’ हेच.

मजकूर तपासायला पाठवताना भागाचे नाव, नव्याचे माप, आताचे माप, वापराचे तास किंवा किलोमीटर आणि झिजलेल्या जागेचा जवळून काढलेला एक फोटो सोबत द्या. वॉरंटीचे पत्र असेल तर वॉरंटीच्या अटींचे पानही जोडा.