रस्त्याचं घड्याळ, खाडीची तिथी

दाभोळच्या खाडीवरच्या धोपाव्याच्या धक्क्यावर भर ओहोटीला फेरीबोट लागते तेव्हा बघत उभं राहावं. भरतीला उताराच्या वरच्या, कोरड्या भागाला टेकणारी बोट आता पार खालच्या टोकाला येऊन थांबते. तिथलं काँक्रीट ओलं आणि शेवाळलेलं असतं. बोटीची लोखंडी फळी खाली पडते, खलाशी हातवारे करत गाड्या उतरवतो आणि एखाद्या बुटक्या गाडीचा बंपर फळीच्या कडेला खर्रकन घासतो. परवा तसंच झालं. शिवाय दाभोळकडून येताना फेरीला खाडीच्या मध्यावर वेग कमी करावा लागला होता, कारण मुखाकडून मासेमारीच्या दोन बोटी आत येत होत्या. माझ्या पुढे उभे असलेले गाडीवाले वैतागून म्हणाले, "पूल झाला की संपली ही कटकट." बाजूला जाळ्याची गोणी घेऊन बसलेल्या तांडेलकाकांनी, म्हणजे मासेमारी बोट चालवणाऱ्या काकांनी, मान वर न करताच उत्तर दिलं, "तुमची संपेल. आमची उंचीवर आहे."

रेवस ते रेड्डी सागरी महामार्गामुळे ही चर्चा आता प्रत्येक धक्क्यावर चालते. करंजा-रेवस, रेवदंडा, आगरदांडा-दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा एकेक खाडीवर पूल व्हायचा आहे किंवा त्याचं काम चाललं आहे. रेवस-करंजा पुलाचं बोलणं तर अंतुल्यांच्या मुख्यमंत्रिपदापासूनचं, म्हणजे 1980 च्या आसपासचं. यातला एकही पूल उघडणारा नाही, सगळे उंच आणि जागच्या जागी राहणारे. मग चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारतंच, मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, उचलता येईल असा का करत नाहीत? बोट आली की वर, गेली की खाली. आपल्याकडे उचलता पूल म्हटलं की किल्ल्याच्या खंदकावरचा, साखळदंडांचा पूल डोळ्यांपुढे येतो. पण जगातल्या अनेक बंदरांनी हा उपाय शतकभराहून जास्त काळ वापरला आहे. तिथे गाळा उचलणं फारसं अवघड गेलं नाही. भांडणं झाली ती गाळा कधी उचलायचा यावर.

सुरुवातीचा न्याय सरळ होता: पाणी आधीचं, पूल नंतरचा, म्हणून मान बोटीचा. त्याला व्यवहाराचं कारणही होतं. गाडीला ब्रेक असतो, बोटीला नसतो. पाण्याच्या भरल्या ओढीत सापडलेलं गलबत पुलासमोर 'जरा थांबा' म्हटल्याने थांबत नाही. लंडनचा टॉवर ब्रिज 1894 मध्ये खुला झाला, तोही नदीला झुकतं माप देऊनच. आजही उंच डोलकाठीच्या बोटीने 24 तास आधी कळवलं की तो फुकट उघडतो आणि रस्ता थांबतो. मे 1997 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या गाड्यांचा ताफा याच पुलावर दोन तुकड्यांत अडकला, कारण 'ग्लॅडिस' नावाच्या जुन्या शिडाच्या बार्जने आपली वेळ आधीच नोंदवून ठेवली होती. आपल्याकडे साध्या आमदारासाठी चौक अडवतात, तिथे शिडाची बोट अध्यक्षांना अडवून निघून गेली.

रस्त्याने या न्यायाविरुद्ध पहिली मोठी लढाई जिंकली ती शिकागोत. त्या शहराच्या मधोमध नदी, नदीवर जागोजागी फिरते पूल आणि लाकूड-धान्य आणणाऱ्या जहाजांची रीघ. सकाळी कामावर निघालेली माणसं पुलाच्या तोंडाशी तिष्ठत राहायची. शेवटी नगरपालिकेने नियम केला: सकाळी 6 ते 7 आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा पूल उघडायचा नाही, आणि मधल्या वेळेत उघडला तरी एका वेळी 10 मिनिटांपेक्षा जास्त नाही. जहाज कंपनी कोर्टात गेली. 1883 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की नदीवर लोकांचा हक्क आहे तसाच नदी ओलांडण्याचाही आहे, आणि दोघांनी थोडं थोडं थांबावं. आज जगभर उघडत्या पुलांवर गर्दीच्या वेळी जी बंदी दिसते तिचं मूळ या दहा मिनिटांत शोधता येतं.

पुढे त्यावर बरीच कारागिरी झाली. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचे काही पूल तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या ठोक्यालाच उघडतात, म्हणजे बोटी जमून ताफ्याने जातात आणि रस्त्याला दर पाच मिनिटांनी धक्का बसत नाही. मात्र भार ओढणाऱ्या टगबोटीला अनेक ठिकाणी ही सक्ती नाही, कारण तिला ओढीत थांबवणं धोक्याचं. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये नेवा नदीचे पूल उन्हाळ्यात मध्यरात्रीनंतर उघडतात. पार्टीला उशीर झालेला माणूस पहाटेपर्यंत पलीकडच्या काठावर अडकून पडतो. नदी गोठली की बोटीही बंद आणि पूल उघडणंही बंद.

आपल्या देशात असं वेळापत्रक बसवण्याचा मोठा प्रयोग कलकत्त्यात झाला. 1874 मध्ये हुगळीवर तरंगत्या पिंपांवरचा हावडा पूल बांधला गेला. जहाज जायचं असलं की मधला 200 फुटांचा तुकडा काढून बाजूला न्यायचे. हे काम दिवसाच होई, म्हणजे बैलगाड्यांची रांग आणि जहाजांची रांग एकाच उन्हात उभी. 1906 मध्ये बहुतेक बोटींसाठी तो रात्री उघडायला सुरुवात झाली आणि समुद्रावरची मोठी जहाजं तेवढी दिवसासाठी राहिली. रस्त्याचा जीव भांड्यात पडला. 1943 मध्ये आजचा प्रचंड पूल उभा राहिला आणि उघडण्याचा प्रश्नच मिटला.

रामेश्वरला जाऊन आलेल्यांनी दुसरं उदाहरण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पांबनचा रेल्वेपूल 24 फेब्रुवारी 1914 ला सुरू झाला. त्याच्या मधल्या गाळ्याच्या दोन पाकळ्या माणसं दांडे फिरवून हाताने उचलत. डिसेंबर 2022 मध्ये त्यावरची गाडी थांबली आणि 6 एप्रिल 2025 ला शेजारच्या नव्या पुलाचं उद्घाटन झालं. त्याचा 72.5 मीटर लांबीचा गाळा आडवाच्या आडवा 17 मीटर वर जातो. पांबनला वेळ जुळवणं त्यातल्या त्यात सोपं, कारण अडायची ती रेल्वे, आणि रेल्वेला वेळापत्रक असतं. वाट पाहणाऱ्या बोटी जमवायच्या आणि दोन गाड्यांच्या मधली फट बघून पूल उचलायचा. मोटारींसाठी 1988 मध्ये शेजारी उंच पूल झाला, त्याला कधीच उघडावं लागत नाही. मोटारींच्या रस्त्याला अशी फट नसते. एसटी, ट्रक, रिक्षा, शाळेची व्हॅन, सगळं अखंड.

कोकणात मामला आणखी अवघड आहे आणि त्याचं कारण पंचांगात आहे. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला कोष्टक लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की झालं. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. दोन भरत्यांमध्ये बारा तास पंचवीस मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. शाळेची घंटा आणि तहसीलदार कचेरी घड्याळावर चालते, खाडी तिथीवर. घड्याळाला बांधलेलं पूल उघडण्याचं वेळापत्रक अष्टमीला सोयीचं ठरलं तरी चौदसला ते कामाचं राहत नाही.

त्यातली खरी गोम वेगळीच आहे आणि ती रस्त्याच्या आराखड्यात कुठेच दिसत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत जास्त चढतं, अष्टमीच्या भांगाला कमी. आता पाऊणपटीचा हिशेब परत बघा. उधाणाची भरती दर पंधरवड्याला घड्याळाच्या जवळजवळ त्याच वेळेला येते: अकरा ते एकच्या दरम्यान, दिवसा आणि रात्रीही. भरलेली बोट गाळाच्या खाडीतून वर न्यायची तर उधाणच हवं. म्हणजे बोटीला पूल उघडून हवा असतो तो नेमका बाजार आणि कचेऱ्या भरात असताना. पूल न उघडणारा असला तर त्याच उधाणात पाणी वर चढून पुलाखालची मोकळी उंची कमी करतं. भांगाला जावं तर तळ चिखलाला लागतो, उधाणाला जावं तर काठी पुलाला लागते. मुंबईच्या आसपास उधाणाला पाणी साडेतीन-चार मीटर चढतं-उतरतं, मोठ्या उधाणाला त्याहूनही जास्त. दक्षिणेकडे ते कमी होत वेंगुर्ल्याच्या बाजूला निम्म्यावर येतं. तेव्हा मुंबईकडच्या अनुभवावरून मालवणच्या पुलाची उंची ठरवू नये, आणि मालवणच्या अनुभवावरून मुंबईकडची तर मुळीच नाही.

जुन्या कोकणाने हे भांडण होऊच दिलं नाही, कारण तेव्हा रस्ताच पाण्याच्या तालावर चाले. गोवळकोट, महाड, राजापूर, खारेपाटण ही आज डोंगराच्या कुशीतली वाटणारी गावं एकेकाळी बंदरं होती. खाडीच्या तोंडाशी मचवे आणि पडाव भरतीची वाट पाहत, तिच्याबरोबर वर चढत आणि ओहोटीबरोबर उतरत. बैलांचे तांडे घाटावरून माल घेऊन धक्क्याला येत तेही पाण्याचा अंदाज घेऊनच. नदी ओलांडायला 'तर', म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, असे. तरींचा लिलाव, भाडं, जबाबदारी यासाठी मुंबई सरकारने 1868 मध्ये कायदाच केला. तरीवाल्याला हाक मारायची आणि तो आला की जायचं. त्याच्या वाटेत गलबत आलं तर दोघे आपसात बघून घेत.

आगबोटी आल्यावर घड्याळ पहिल्यांदा किनाऱ्याला लागलं. रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला असे थांबे घेत जाणारी बोट मोठी, म्हणून ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावांतून तिच्याकडे जात. बोटीची वेळ छापील आणि पडावाची पाण्याची. त्यामुळे जुन्या माणसांच्या आठवणीत बोट म्हटलं की रात्रभर धक्क्यावर वळकटीवर बसून काढलेली वाट असते. पावसाळ्यात तर सगळंच बंद. नेवा नदीवर जे बर्फ करतं, ते इथे नैर्ऋत्येचा वारा करतो. अजूनही मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै असते आणि परंपरेने दर्या खुला होतो तो नारळी पौर्णिमेला.

मग मोटार आली, घाट सुधारले, महामार्ग झाला आणि खाड्यांच्या वरच्या अंगाला बुटके दगडी, नंतर काँक्रीटचे पूल पडले. त्यांनी बंदरं मारली असं भाषणात म्हणायला बरं वाटतं, पण ते अर्धंच खरं आहे. महाड-राजापूरची बंदरं गाळाने आधीच धापा टाकत होती, आणि व्यापाऱ्याला ट्रक परवडू लागल्यावर भरतीची वाट बघायला कोण बसणार? पुलांनी केलं ते इतकंच की परत यायची वाट बंद केली. बुटका पूल हाही वेळापत्रकच आहे, फक्त त्यात बोटीच्या रकान्यात कायमची फुली मारलेली असते.

2016 च्या कायद्याने ती फुली जरा पुसट केली. देशातले 111 जलमार्ग राष्ट्रीय ठरले, त्यांत आपल्या खाड्याही आहेत: अंबा नदी 10 क्रमांकाची, दाभोळ-वाशिष्ठी 28, शास्त्री-जयगड 91. अंबेवरून धरमतरला बार्ज खरोखरच चालतात, काही जलमार्ग मात्र सध्या कागदावरच जास्त आहेत. पण कागदालाही किंमत आहे. अशा जलमार्गावर पूल बांधायचा तर खाली किती रुंदी आणि उंची मोकळी सोडायची हे वर्गवारीनुसार ठरवावं लागतं. उघडता पूल मागण्यापेक्षा या आकड्यावर नजर ठेवणं कोकणाला जास्त फायद्याचं, असं माझं मत. उघडता पूल म्हणजे यंत्र, खारा वारा, गंज, चोवीस तास माणसं आणि रोज पन्नास मिनिटांनी सरकणारी वेळ. दाभोळ-धोपावे फेरी 2003 पासून चालते, ती बोटींच्या आडवी जाते तरी फारसं अडत नाही, कारण तीही बोटच आहे. वळसा घालून चिपळूणमार्गे जाण्यापेक्षा पंधरा मिनिटं थांबलेलं लोकांना परवडतं. उद्या पूल झाल्यावर हे थांबणं जाईल. त्याचं वाईट वाटणारे आम्ही थोडेच.

फेरी सुटायच्या आधी मी तांडेलकाकांना विचारलं, "तुमच्या बोटीला पुलाखाली किती उंची लागेल?" त्यांनी बोटांवर मोजलं. केबिन, तिच्यावरची काठी, काठीवरचा दिवा, वायरलेसची अँटेना. आकडा सांगितला. मग थांबून म्हणाले, "हे कुठल्या पाण्यापासून मोजणार, ते विचारून ठेवा. आम्ही बोटी बाहेर काढतो नारळी पौर्णिमेच्या उधाणाला. तेव्हाचं पाणी धरून मोजायला सांगा."