कन्कशननंतरची चाल आणि डोकं

कन्कशन म्हणजे डोक्याला जोरात हादरा बसून मेंदूचं काम काही काळ बिघडणं. त्यासाठी डोकं फुटायलाच पाहिजे असं नाही, बेशुद्ध पडायलाच पाहिजे असंही नाही, बहुतेक जण शुद्धीवरच असतात. सोलापुरात होटगी रोडला गाडी स्लिप झाली की लोक आधी गुडघा बघतात, डोक्याला टेंगूळ आलं तर बर्फ लावतात आणि फारच झालं तर सीटी स्कॅन करतात, तो नॉर्मल आला की घरचे म्हणतात "काय नाय, मुका मार हाय". इथंच गडबड होते. सीटीत रक्तस्राव नाहीतर फ्रॅक्चर दिसतं, पण कन्कशनमधला बिघाड पेशींच्या कामात असतो. आतलं सोडियम-पोटॅशियमचं प्रमाण विस्कटतं, ते सावरायला पेशींना जास्त ग्लुकोज लागतं आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा कमी पडतो.

मग डोकं जड वाटतं, गरगरतं, लक्ष टिकत नाही, समोरचा बोलतो ते कळायला वेळ लागतो, आत्ता सांगितलेलं विसरतं. चालण्यातला फरक मात्र पटकन लक्षात येत नाही, कारण नुसतं सरळ चालायला लावलं तर माणूस ठीकच चालतो. त्यालाच चालता चालता १०० मधून ७-७ वजा करायला सांगा, ९३, ८६, ७९... की वेग कमी होतो, पाऊल आखूड पडतं, अंग डावी-उजवीकडे जास्त झुलतं, नाहीतर आकडाच चुकतो. चालताना तोल सांभाळायलाही मेंदूचं लक्ष खर्च होतं आणि दोन्ही कामांना पुरेल एवढं ते त्या दिवसांत शिल्लक नसतं. कॉलेजवयीन खेळाडूंमध्ये हा फरक महिनाभरानंतरही सापडलाय.

म्हणून खेळाडूंचं कन्कशन तपासायच्या स्कॅट चाचणीच्या सहाव्या आवृत्तीत ३ मीटरच्या रेषेवर एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत चालायला लावतात, वेळ मोजतात, आणि तेच चालणं उलटी मोजणी करत करतात.

खेळाडूंचं सोडा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत माग चालवणारा माणूस दिवसभर हेच करतो की! दोन मागांच्या मधल्या अरुंद जागेत चालायचं, नजर धाग्यावर, कुठं तुटलाय कुठं कांडी संपलीय हे बघत, आणि बाजूला मशीन चालूच. अशा माणसाला "चालता येतंय ना, मग ये शिफ्टला" म्हणणं मला तरी धोक्याचंच वाटतं. सात रस्ता चौकात फोनवर बोलत रस्ता ओलांडणाऱ्याचंही तेच.

पहिले २४ ते ४८ तास आराम, मग हळूहळू चालणं-फिरणं सुरू करायचं. आठवडा-आठवडा अंधाऱ्या खोलीत पडून राहायचा सल्ला आता देत नाहीत. बहुतेक मोठी माणसं काही आठवड्यांत सावरतात, काहींचं तीन महिन्यांच्याही पुढं जातं, चक्कर राहिलीच तर तोल सांभाळायचे व्यायाम फिजिओकडून करून घेतात. पूर्ण बरं व्हायच्या आत दुसरा मार बसला तर त्रास लांबतो.

सारख्या उलट्या, झटका, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, हात-पाय लुळा पडणं, यातलं एक जरी दिसलं तरी थेट सिव्हिल गाठायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्या आजी-आजोबांना तर लक्षणं नसली तरी दाखवून यायचं, त्यांच्यात रक्तस्राव उशिरानंही होऊ शकतो.