दुसऱ्यांचं काम पाहिल्याने शैली हरवते का?

न्यूड फोटोग्राफी शिकणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: इतरांचं काम पाहू नका, नाहीतर तुमची स्वतःची शैली हरवेल. हे साफ चुकीचं आहे, आणि त्यापायी उमेदीची वर्षं फुकट जातात.

ब्रिटिश छायाचित्रकार बिल ब्रँट यांचंच पाहा. त्यांची नग्नचित्रं नाव न वाचताही ओळखू येतात. पण तरुणपणी ते पॅरिसमध्ये अमेरिकी छायाचित्रकार मॅन रे यांच्या स्टुडिओत उमेदवारी करत होते. आणि मॅन रे यांचं १९२४ चं ते गाजलेलं छायाचित्र, स्त्रीच्या उघड्या पाठीवर व्हायोलिनच्या खाचा रंगवलेलं, अँग्र या जुन्या चित्रकाराला उघड साद घालतं. छायाचित्राच्या नावातच अँग्र आहे!

मग ब्रँट वेगळे कुठे झाले? १९४० च्या दशकात त्यांनी लंडनमध्ये एक जुना लाकडी कोडॅक कॅमेरा विकत घेतला. भिंग फार रुंद कोनाचं, उजेड आत सोडणारं छिद्र टाचणीच्या टोकाएवढं. चित्र जुळवायच्या काचेवर धड काही दिसायचंच नाही. फोटोत जवळचा पाय अवाढव्य यायचा, मागची खोली लांबच लांब. दुसऱ्या कुणी याला दोष म्हणून तो कॅमेरा फेकला असता. ब्रँट यांनी तोच दोष हट्टाने धरून ठेवला. पुढे दुसरा कॅमेरा घेऊन ते समुद्रकिनारी गेले, तिथे कोपर, कान, बोटं दगडगोट्यांमध्ये खडकांसारखी दिसू लागली. या चित्रांचं पुस्तक निघायला १९६१ साल उजाडलं.