नगरपालिकेचे गोल्फ मैदान

नगरपालिकेने किंवा महापालिकेने स्वतःच्या जमिनीवर राखलेले आणि सभासदत्वाशिवाय, ठरावीक शुल्क भरून कोणालाही खेळता येईल असे गोल्फचे मैदान. ब्रिटन आणि अमेरिकेत अशी मैदाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. त्यांतली बरीच समुद्रकाठच्या शहरांत आहेत. सातारा-सांगलीच्या वाचकाला हा प्रकार बहुधा परदेशात राहणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे गेल्यावरच प्रथम भेटतो. संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून जिथे नेतात ती बाग निघते गोल्फचे मैदान, आणि तिथे खेळणाऱ्यांत पोस्टमन, रंगारी आणि निवृत्त शिक्षक असतात. आपल्याकडे गोल्फ म्हणजे फाटक, पहारेकरी आणि सभासदत्वाची पिढ्यानपिढ्यांची यादी, अशी समजूत आहे. ती भारतापुरती बरीचशी खरीही आहे. पण तो दोष फाटकाचा आहे, खेळाचा नाही.

खेळाचा उगम शोधू गेल्यास थेट गायरानाशी पोचतो. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि शेती यांच्यामध्ये वाळूचे, खुरट्या गवताचे पट्टे आहेत. त्यांना ‘लिंक्स’ म्हणतात. तिथे नांगर चालत नाही, म्हणून ती जमीन गावाकडे राहिली. गावकरी तिथे जनावरे चारत, गवताची ढेकळे काढून नेत, कपडे वाळत घालत आणि काठीने चेंडू मारत. सेंट अँड्र्यूज गावाला १५५२ च्या सनदेत आर्चबिशपने जी मोकळीक मान्य केली, तीत सशांच्या आणि चराईच्या कलमांबरोबरच गोल्फ खेळण्याचा हक्कही आहे. त्याआधी, १४५७ मध्ये, स्कॉटलंडच्या पार्लमेंटने याच खेळावर बंदी घातली होती, कारण त्यापायी तरुण धनुर्विद्येचा सराव टाळू लागले होते. (सातारकरांनी याबाबत पार्लमेंटची बाजू घ्यायला हरकत नाही : फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव टोकिओ ऑलिंपिकमध्ये धनुर्धारी म्हणून उतरला आणि साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये जगज्जेती झाली.)

गायरानाचे जे व्हायचे ते सेंट अँड्र्यूजमध्येही झाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस कर्जात बुडालेल्या नगरपरिषदेने जमीन हातची घालवली. घेणाऱ्यांनी तिथे मांसासाठी व कातडीसाठी ससे पाळले. सशांनी मैदान पोखरले आणि ससेवाले विरुद्ध गोल्फवाले हा कज्जा वर्षानुवर्षे कोर्टात चालला. १८२१ मध्ये एका गोल्फवेड्या जमीनदाराने ती जमीन विकत घेऊन खेळ वाचवला. १८९४ मध्ये खास कायदा करून नगरपरिषदेने ती पुन्हा गावाच्या नावावर आणली. आज ती एका सार्वजनिक न्यासाकडे आहे. जगभरच्या गोल्फपटूंची ही पंढरी रविवारी खेळाला बंद असते आणि गावकऱ्यांना फिरायला मोकळी असते. एरवीही पहिल्या आणि अठराव्या होलच्या मधून गावाचा रस्ता आडवा जातो. (होल म्हणजे चेंडू ज्यात घालायचा तो खड्डा, आणि तिथवरचा खेळाचा पट्टाही.) बाबागाडी घेऊन समुद्राकडे निघालेली बाई पलीकडे जाईपर्यंत खेळाडू थांबतो.

नगरपालिकेने मुद्दाम गोल्फसाठी जमीन घेण्याची सुरुवात एडिंबरोने केली. शहरातल्या ब्रंट्सफील्ड लिंक्सवर फिरणारे आणि खेळणारे यांची इतकी गर्दी झाली की १८८९ मध्ये पालिकेने दक्षिणेकडच्या ब्रेड टेकड्या विकत घेऊन खेळ तिकडे हलवला. टेकडीवरून खाली सारे शहर आणि पलीकडे फोर्थची खाडी दिसते. जुन्या ब्रंट्सफील्डवर छोट्या अंतराचे होल अजून आहेत आणि स्वतःच्या काठ्या व चेंडू असतील तर तिथे फुकट खेळता येते.

इंग्लंडमध्ये बोर्नमथ या सागरी शहराने १८९४ मध्ये मेरिक पार्क हे मैदान उघडले. त्या जमिनीचा इतिहास आपल्या वाचकाला ओळखीचा वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी माळरानांची खासगी वाटणी झाली तेव्हा काही तुकडे गरीब घरांना जळण तोडण्यासाठी वगळून ठेवले होते. कोळसा आला, जळणाचा हक्क मागे पडला आणि १८८९ च्या कायद्याने त्या तुकड्यांच्या बागा झाल्या. त्यांतल्या एका बागेत, पाइनच्या झाडांमधून, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर हे मैदान आखले गेले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या व्हॅन कोर्टलँड पार्कमध्ये अमेरिकेतले पहिले सार्वजनिक मैदान सुरू झाले. कॅलिफोर्नियात सॅन डिएगो शहराच्या मालकीचे टोरी पाइन्स पॅसिफिकच्या कड्यावर आहे. २००८ आणि २०२१ ची अमेरिकन ओपन स्पर्धा तिथे झाली. शहरात राहणाऱ्याला तिथे बाहेरच्यापेक्षा बरेच कमी शुल्क पडते.

समुद्राजवळचे प्रत्येक मैदान ‘लिंक्स’ नसते. लिंक्सवर वाळू, झाडे जवळपास नाहीत, जमीन टणक, चेंडू टप्पा खाऊन लांब घरंगळतो आणि बंकर म्हणजे वाळूचे खड्डे माणूस दिसेनासा होईल इतके खोल. बागेतले मैदान, म्हणजे ‘पार्कलँड’, चिकणमातीवर असते. झाडांच्या रांगा, मऊ गवत, चेंडू पडला की तिथेच बसतो. सागरी शहरांतली पालिकेची मैदाने पुष्कळदा या दुसऱ्या जातीची, कारण किनाऱ्यावरची उत्तम वाळू जुन्या क्लबांनी आधीच धरलेली होती. पालिकेच्या वाट्याला आली कड्यामागची, बागेतली, कधी पुराची, कधी भर घातलेल्या कचरा डेपोची जमीन. वारा मात्र दोघांना एकच. समुद्रावरून तोंडावर वारा येत असेल तर नेहमीच्या अंतराला एक-दोन पायऱ्या जास्त पल्ल्याची काठी घ्यावी लागते, आणि नवख्याने उंच मारलेला चेंडू वारा सरळ झाडीत नेऊन टाकतो.

गवताबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण गोल्फचे मैदान चालवणे म्हणजे मुख्यतः गवताची शेती. ब्रिटनच्या थंड हवेत फेस्क्यू आणि बेंट जातीची बारीक पात्याची गवते लावतात. उष्ण प्रदेशात बहुतेक ठिकाणी बर्म्युडा गवत असते, आणि बर्म्युडा म्हणजे आपली हरळी. कृष्णाकाठचा शेतकरी जी हरळी मुळासकट काढण्यासाठी उन्हाळाभर नांगरट तापत ठेवतो, तिच्याच निवडक जाती तिथे माळी खत-पाणी घालून जोपासतात आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत भागावर, तीन-चार मिलिमीटर उंचीवर रोज कापतात. खाऱ्या पाण्याच्या किनाऱ्यावर हरळीऐवजी पास्पालमची एक क्षार सोसणारी जात वापरतात. पाण्याची फार टंचाई असे तिथे पूर्वी ग्रीनच नसे. तेल शिंपडून दाबलेल्या वाळूवर खेळत आणि त्याला ‘ब्राउन’ म्हणत. ब्रिटिश काळात भारतातल्या छावण्यांत हा प्रकार सर्रास होता.

प्रत्यक्ष भेटीत काय घडते ते सोपे आहे. आदल्या दिवशी ऑनलाइन किंवा फोनवरून वेळ ठरवतात. तिला ‘टी टाइम’ म्हणतात आणि चहाशी तिचा संबंध नाही. शुल्क ‘ग्रीन फी’ या नावाने घेतात. ते संध्याकाळी आणि कामाच्या दिवशी कमी, विद्यार्थ्यांना आणि ज्येष्ठांना आणखी कमी असते. काठ्या भाड्याने मिळतात. नियमाने चौदापर्यंत बाळगता येतात, पण पहिल्या दिवशी चार-पाच पुरतात. चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड आणि ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान नसावा, आणि होलचा व्यास १०८ मिलिमीटर. म्हणजे गोट्यांची गलच, पण तीन-चारशे मीटर दूर आणि वर झेंडा लावलेली. ती गाठायला चांगल्या खेळाडूला जितके फटके लागावेत त्या संख्येला ‘पार’ म्हणतात. एक कमी लागला तर ‘बर्डी’, एक जास्त लागला तर ‘बोगी’. अठरा होल पायी पुरे करायला चार तासांच्या आसपास लागतात आणि आठ-दहा किलोमीटर चाल होते. अजिंक्यतारा रोज चढणाऱ्याला तिचे काही वाटू नये.

खासगी क्लबात पेहरावाचे जे सोवळे असते ते इथे नसते. साधे बूट आणि सुटसुटीत कपडे चालतात. पाळायचे नियम वेगळे आहेत : उडालेले ढेकूळ परत जागेवर बसवून पायाने दाबायचे, बंकरमधून बाहेर पडताना वाळू दाताळ्याने सारखी करायची, मागची मंडळी वेगाने येत असतील तर त्यांना पुढे जाऊ द्यायचे. चेंडू माणसाच्या दिशेने गेला की ‘फोर!’ म्हणून जोरात ओरडायचे. हा शेवटचा नियम पालिकेच्या मैदानात विशेष महत्त्वाचा, कारण बागेतून पायवाटा जातात आणि कुत्री फिरवणाऱ्यांना झेंडे दिसले तरी खेळ दिसतोच असे नाही. अगदी नवख्याने ‘पिच अँड पट’ या छोट्या मैदानापासून सुरुवात करावी. खर्च थोडा, अंतर थोडे, आणि हसे झाले तरी सगळ्यांचेच होत असते.

स्वस्त शुल्काची दुसरी बाजू पालिकेच्या अंदाजपत्रकात दिसते. अठरा होलच्या मैदानाला सव्वाशे ते दोनशे एकर जमीन लागते. दोन-अडीच एकर उसावर घर चालवणाऱ्या वाळवा-पलूसच्या वाचकाला हा आकडा डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही. गेल्या पंधरा वर्षांत ब्रिटनच्या अनेक पालिकांनी खर्च झेपत नाही म्हणून मैदाने भाडेपट्ट्याने चालकांना दिली किंवा बंद केली. लंडनच्या बेकनम प्लेस पार्कमधले मैदान २०१६ मध्ये बंद होऊन तिथे पोहण्याचा तलाव आणि खुली बाग झाली. ब्रायटन या समुद्रकाठच्या शहराने वॉटरहॉल येथील मैदान रानफुलांच्या गवताळ टेकडीत बदलायला घेतले. खेळणारे हळहळले, बाकीचे नागरिक फिरायला गेले. दोघांचाही हक्क एकाच जमिनीवर होता, त्यामुळे या वादात एक बाजू पूर्ण खोटी ठरवता येत नाही.

पाचगणीचे टेबललँड किंवा पावसाळ्यातला कासचा सडा पाहिला की ‘इथे गोल्फ किती छान होईल’ असे एखादा पाहुणा म्हणतोच. ते होणार नाही आणि होऊ नये. सड्यावर जांभ्या दगडावर जेमतेम मातीचा थर असतो. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, आणि तिथली फुले त्या पातळ मातीमुळेच आहेत. पूर्वेकडे माण, आटपाडी, जत या भागांत सपाट माळ हवे तितके, पण तिथे टेंभू-म्हैसाळ योजनांचे कृष्णेतून टप्प्याटप्प्याने उचललेले पाणी येते. उन्हाळ्यात रोज काही लाख लिटर पाणी पिणाऱ्या हरळीला ते कोण देईल? स्कॉटलंडात हे काम पाऊस करतो.

भारतात गोल्फ १८२९ मध्ये कलकत्त्यात क्लबच्या रूपाने आला आणि क्लबातच राहिला. कुंपणाच्या आतून शिकलेले मात्र निराळेच निघाले. रॉयल कलकत्ता क्लबच्या मैदानावर राबणाऱ्या माळ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया याने २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे इंडियन ओपन जिंकली. ७ ऑगस्ट २०२१ रोजी सकाळी अदिती अशोक ऑलिंपिकमध्ये चौथी आली, तेव्हा बोगी आणि बर्डीचा अर्थ विचारत निम्म्या देशाने गोल्फ पाहिला. संध्याकाळी नीरज चोप्राच्या भाल्याने तो विषय मागे टाकला. सरकारी यंत्रणेने सर्वांसाठी बांधलेले ठळक मैदान म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरणाचे लाडो सराय येथील, कुतुबमिनाराजवळचे. ते २००० मध्ये सुरू झाले.

महाराष्ट्रात या व्याख्येच्या सर्वांत जवळ जाते ते नवी मुंबईत सिडकोने बांधलेले खारघर व्हॅली मैदान. पनवेलची खाडी तिथून फार दूर नाही, पण मैदान पार्कलँड वळणाचे, डोंगराच्या कुशीतले आहे. पावसाळ्यात कडे ढगांत जातात आणि ओढे वाहू लागतात. सातारा-मुंबई एस. टी. याच बाजूने जाते. बसच्या खिडकीतून मात्र ते दिसत नाही. खारघरला उतरून, सायन-पनवेल महामार्ग सोडून, रिक्षाने पांडवकड्याच्या डोंगराकडे आत जावे लागते.