पेवात कोंडलेला श्वास

कसलेही 'पेव फुटले' असे आपण सर्रास म्हणतो, पण खरे पेव किती जणांनी पाहिले असेल? जमिनीत खणलेले हे कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे, पोट मात्र ऐसपैस. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाशेजारी, अशा पेवांत हळद ठेवत. वर्षे उलटली तरी ती किडत नसे. इथली माती चिकट, घट्ट. ओल झिरपत नाही आणि हवाही खेळत नाही.

गंमत सुरू होते ती तोंड लिंपल्यावर. ज्वारी-गव्हाचा दाणा जिवंत असतो. तो मंद श्वास घेतो, प्राणवायू वापरतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो. किडे आणि बुरशीही तेच करतात. कोंडलेल्या हवेतला प्राणवायू संपत आला की किडे गुदमरतात. हळद तर शिजवून वाळवलेली, तिचा श्वास केव्हाच थांबलेला. तिथे प्राणवायू संपवायचे काम बहुतांशी किडीलाच करावे लागते. आपला काळ आपणच ओढवायचा! पेव उघडल्याबरोबर आत उतरू नये ते याचसाठी. जड वायू तळाशी साचलेला असतो. आधी कंदील सोडून बघायचा. विझला तर थांबायचे.

ही युक्ती फार जुनी. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स.पू. १६०० ते ७०० च्या सुमाराचे हे गाव. तिथल्या घरांत धान्यासाठी चुन्याने लिंपलेली खोल बळदे सापडली. सुगीला भरायचे, अवर्षणात उपसायचे. माण-आटपाडीच्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

पण बळद एखाद-दोन वर्षे तारते. इ.स.पू. १००० नंतर हवामान कोरडे होत गेले, असे उत्खनकांचे मत. मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आखडली, शेळ्यामेंढ्या आणि शिकारीवरची भिस्त वाढली. अभ्यासक याला ऱ्हास म्हणतात. मला तो शब्द खटकतो. गाव त्यानंतरही सुमारे ३०० वर्षे नांदले, आणि दुष्काळात मेंढरे चाऱ्यामागे नेता येतात, शेत नेता येत नाही.

हरिपूरच्या पेवांना नडला तो दुष्काळ नव्हे, पूर. २००५ साली कृष्णेचे पाणी वरून तोंडातच शिरले.