दातावरचा डाग आणि बोअरचं पाणी

नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूरच्या बाजूला एखाद्या शाळेत पाचवी-सहावीच्या वर्गासमोर उभं राहून मुलांना हसवलं, की काहींचे पुढचे दात खडूसारखे पांढरट दिसतात, तर काहींच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात. पट्टे आडवे असतात आणि डाव्या-उजव्या दातांवर साधारण सारख्याच उंचीवर येतात. गावात याची कारणं ठरलेली आहेत. पोरगं दात घासत नाही, नाहीतर चोरून मिशरी लावतं. लग्नाला आलेली मुलगी पाहुण्यांसमोर तोंडाशी ओढणी धरून बसते. माझ्या वसतिगृहातला त्या भागातला एक मित्र हिरड्यांतून रक्त येईपर्यंत राखुंडीनं दात घासायचा. डाग तसूभर हलला नाही, आणि हलणारही नव्हता. त्या डागाची सुरुवात तो दोन-तीन वर्षांचा असताना झाली होती.

हे समजायला दात कसा घडतो ते बघावं लागतं. दाताचं वरचं टणक कवच म्हणजे इनॅमल, पाठ्यपुस्तकातलं दंतवल्क. ते जबड्याच्या आत अमेलोब्लास्ट नावाच्या पेशी तयार करतात. आधी प्रथिनाचा मऊ साचा बनतो, त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेटचे बारीक स्फटिक उभे राहतात. मग पेशी तो साचा हळूहळू काढून घेतात आणि मोकळ्या जागेत खनिज भरत जातं. काम पुरं होतं तेव्हा इनॅमलच्या वजनात सुमारे ९६ टक्के खनिज असतं. सबंध शरीरात याहून कठीण काही नाही.

या काळात पिण्याच्या पाण्यातून मुलाच्या पोटात फ्लोराइड, म्हणजे खडकांतून पाण्यात उतरणारा एक क्षार, जास्त गेलं, तर साचा काढून घेण्याचं काम रेंगाळतं. प्रथिन मध्ये अडकून राहतं, खनिज पुरतं भरत नाही आणि पृष्ठभागाखाली सूक्ष्म छिद्रं उरतात. असा दात उगवतो तेव्हा पांढरट, निस्तेज दिसतो. तपकिरी रंग नंतर, चहातून आणि अन्नातून, त्या छिद्रांत मुरत जातो. दात हिरडीबाहेर येताना इनॅमल घडवणाऱ्या पेशी गळून पडतात. हाड मोडलं तर सांधतं, कातडी फाटली तर भरून येते, पण इनॅमल शरीराला पुन्हा बनवता येत नाही.

यातली वेळ फार महत्त्वाची आहे. वरच्या पुढच्या दोन दातांचं इनॅमल बाळ तीन-चार महिन्यांचं असताना बनायला लागतं आणि चार-पाच वर्षांपर्यंत पुरं होतं. त्यांना सगळ्यात जास्त धोका पहिल्या तीन वर्षांत असतो. हे दात तोंडात दिसतात ते मात्र सातव्या-आठव्या वर्षी. डाग दिसतो तेव्हा पाणी पिऊन झाल्याला चार-पाच वर्षं लोटलेली असतात. तोवर तो हापसा कदाचित आटलेला असतो आणि घरचे तिसऱ्याच बोअरचं पाणी भरत असतात. दुधाच्या दातांचं इनॅमल बरंचसं आईच्या पोटातच तयार होतं, म्हणून ते बहुधा स्वच्छ निघतात. “लहानपणी याचे दात मोत्यासारखे होते,” असं आई सांगते ते खरं असतं. त्यावरून पोरानं नंतर दातांची हेळसांड केली, असा निष्कर्ष निघतो तो तेवढा चुकीचा.

या कोड्याचा पहिला चिवट शोध अमेरिकेत लागला. फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य १९०१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात दवाखाना टाकायला गेला, तर तिथं जन्मलेल्या कितीतरी लोकांचे दात डागाळलेले. गावकरी डुकराचं मांस, वाईट दूध, पाण्यातला चुना अशी कारणं सांगत. त्या काळचे दंतशास्त्रातले मोठे नाव जी. व्ही. ब्लॅक १९०९ मध्ये या कामात सामील झाले. डाग दात घडतानाच पडतो आणि हे दात कमी किडतात, या दोन गोष्टी त्यांच्या कामातून पुढे आल्या. ब्लॅक १९१५ मध्ये गेले. मॅके थांबला नाही.

मला या कथेतला आयडाहो राज्यातला भाग सर्वांत जवळचा वाटतो, कारण तिथं कोडं आयांनी सोडवलं. ओकली या गावी १९२३ मध्ये मॅके गेला तेव्हा बायकांनी सांगितलं, लांबच्या गरम झऱ्यावरून नळानं पाणी आणल्यापासून पोरांच्या दातांवर डाग यायला लागले. मॅकेनं त्या पाण्याची तपासणी करून पाहिली, त्यात वावगं काही सापडलं नाही. तरीही त्यानं गावाला तो झरा सोडायला सांगितलं आणि गावानं ऐकलं. पुढच्या काही वर्षांत लहान मुलांचे नवे दात स्वच्छ निघाले. पाण्यात नक्की काय आहे हे कळण्याआधीच उपाय सापडला होता.

उत्तर १९३१ मध्ये मिळालं. आर्कान्सामधलं बॉक्साइट हे गाव ॲल्युमिनियम कंपनीचं होतं आणि तिथल्या मुलांच्या दातांवरही हेच डाग होते. ॲल्युमिनियमची भांडी विषारी असतात असा बोलबाला तेव्हा चालूच होता, त्यामुळे कंपनीचा मुख्य रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल याला घाई झाली. त्यानं पाण्याची बारकाईनं तपासणी केली तर लिटरमागे १३ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड निघालं. त्याच वर्षी ॲरिझोनात स्मिथ पती-पत्नींनी उंदरांवर प्रयोग करून फ्लोराइडनंच डाग पडतो हे दाखवलं. मग सरकारी दंतवैद्य ट्रेंडली डीन यानं डागांची प्रतवारी बसवली. तीच ‘डीन प्रतवारी’ आजही आपल्याकडच्या दंतमहाविद्यालयांत शिकवतात. डीननं २१ शहरांतल्या ७,२५७ मुलांचे दात तपासले. लिटरला सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर डाग नगण्य आणि कीड बरीच कमी, असं त्यातून दिसलं. त्यावर विसंबून २५ जानेवारी १९४५ रोजी ग्रँड रॅपिड्स शहरानं नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली.

हा १ चा आकडा थंड मुलखातून आला, हे आपल्याकडे सांगायचं राहून जातं. उन्हाळा कडक असेल तर मूल पाणी जास्त पितं, आणि तेवढंच फ्लोराइड असलेल्या पाण्यातून जास्त फ्लोराइड पोटात जातं. गॅलगन या संशोधकानं १९५० च्या दशकात ॲरिझोनात हे मांडलं आणि दिवसाच्या कमाल तापमानावरून पाण्यातलं योग्य प्रमाण काढायचं सूत्र बसवलं. मे महिन्यात परभणी-नांदेडचा पारा ४२ च्या पुढे जातो. भारतीय मानकात १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायची मुभा आहे. उन्हात काम करणाऱ्या बाईच्या पाठीशी खेळणाऱ्या दोन वर्षांच्या पोराला ही मुभा कितपत मानवते, हे तिथल्या उन्हावरूनच ठरवायला हवं असं मला ठाम वाटतं.

भारतात हा आजार, म्हणजे जास्तीच्या फ्लोराइडनं होणारा फ्लोरोसिस, १९३७ मध्ये कागदावर आला. तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात शॉर्ट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना डागाळलेल्या दातांसोबत ताठलेले कणे आणि वाकता न येणारी माणसं दिसली. वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइड पोटात गेलं की ते हाडांत साठतं, हे त्यातून स्पष्ट झालं. मराठवाड्याच्या दृष्टीनं पुढचा टप्पा जास्त जवळचा. १९५५ मध्ये सिद्दिकी यांनी हैदराबाद राज्यातल्या नलगोंडा जिल्ह्यातल्या फ्लोरोसिसवर ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला. त्या वेळी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे त्याच हैदराबाद राज्यात होते. पुढच्याच वर्षी राज्यांची फेररचना झाली. नलगोंडा आंध्रात गेलं, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि फ्लोरोसिस हे ‘तिकडचं’ दुखणं झालं.

मराठवाड्यातली गोष्ट आडापासून सुरू होते. गावाचं पाणी आडाचं, बारवेचं, नदीतल्या झिऱ्याचं. काळ्या बेसॉल्ट खडकाच्या वरच्या, झिजलेल्या थरात मुरलेलं हे पाणी कॅल्शियमनं जड असतं. भांड्याला पांढरा थर धरतं, डाळ शिजायला वेळ लावतं. पण पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं की फ्लोराइड फार विरघळून राहत नाही, त्याचा साका होतो. खोल खडकात दीर्घकाळ अडकून राहिलेलं पाणी वेगळं असतं. त्यातलं कॅल्शियम कमी होतं, सोडा वाढतो आणि खडकातलं फ्लोराइड पाण्यात उतरायला वाट मिळते. अशा पाण्यात डाळ अनेकदा चटकन शिजते. स्वयंपाकघराच्या कसोटीवर ते ‘चांगलं’ पाणी ठरतं. किनवटला तर बेसॉल्टच्या खालचा जुना ग्रॅनाइट वर आलेला आहे, आणि ग्रॅनाइटमधल्या अभ्रकासारख्या खनिजांत फ्लोराइड मुळातच जास्त असतं.

आडाकडून बोअरकडे जाण्यात मराठवाड्याचाच मोठा वाटा आहे. १९६० च्या दशकात जालन्यात स्कॉटिश मिशनची मंडळी खेड्यांत विंधन विहिरी खोदत होती. त्या काळचे बिडाचे हातपंप एका कुटुंबासाठी बनवलेले असत. अख्खं गाव त्यावर तुटून पडलं की काही महिन्यांतच ते मोडत. जालन्यात पोलादाचा दणकट पंप तयार झाला, ‘जालना पंप’ या नावानं तो ओळखला गेला. त्याच वाटेवर पुढे सोलापूर पंप आला आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यातून इंडिया मार्क-२, म्हणजे आज जगभर दिसणारा हापसा.

मधे १९७२ चा दुष्काळ झाला. आड कोरडे पडले, बारवांचा तळ दिसला. युनिसेफच्या मदतीनं आलेली यंत्रं कठीण खडक भराभर फोडू लागली. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्याच सुमारास उभी राहिली. ज्यांनी हे काम केलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. गढूळ पाण्यानं कॉलरा आणि हगवण होऊन लेकरं दगावत होती, आणि बंदिस्त बोअरचं पाणी जंतूंच्या बाबतीत खरोखर सुरक्षित होतं. प्रश्न तेव्हा जंतूंचा होता, म्हणून तपासणीही जंतूंचीच झाली. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही. फडक्यातून गाळून ते जात नाही, आणि उकळल्यावर पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं.

उपायही जवळच शोधला गेला. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनं १९७० च्या दशकात तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची पद्धत बसवली, तिला नाव मिळालं ‘नलगोंडा तंत्र’. पाण्यात दोन्ही ठरल्या प्रमाणात घालायचे, ढवळायचं, तासभर स्थिर ठेवायचं आणि वरचं पाणी ओतून घ्यायचं. कागदावर सोपं आहे. घरी पाणी भरायला पहाटे उठणाऱ्या बाईला रोज हे मोजमाप करावं लागतं, तळाचा गाळ कुठंतरी टाकावा लागतो, तिथं ते अडतं. पुढे फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या सक्रिय ॲल्युमिनाचे फिल्टर आले. ते काही महिन्यांनी रसायनानं पुन्हा ताजे करावे लागतात, आणि ते करणारा माणूस गावात नसला की फिल्टर नुसता टाकी म्हणून उरतो. केंद्राचा फ्लोरोसिस प्रतिबंध कार्यक्रम २००८-०९ मध्ये सुरू झाला. जल जीवन मिशनमध्ये २०१९ नंतर गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं ठरलं. त्या किटमध्ये फ्लोराइडची तपासणी असते. ओकलीच्या आयांची आठवण मला इथं येते.

इतक्यात बोअर मात्र खाली खाली जात राहिले. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात लोक शेकडो फूट खोल जाऊन पाणी शोधत होते. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या पुढची विहीर ‘खोल विहीर’ मानून तिच्यावर बंधनं घातली आहेत. कायदा मुख्यतः पाणी उपसण्याच्या काळजीनं केलेला आहे. दाताच्या अंगानंही तो तितकाच मोलाचा आहे.

या सगळ्यात टूथपेस्टचा गोंधळ होतो, तो इथंच मिटवलेला बरा. फ्लोराइड किडीपासून दात वाचवतं ते मुख्यतः बाहेरून. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात, आम्लानं इनॅमलमधलं खनिज निघतं आणि लाळेतलं थोडं फ्लोराइड ते परत बसायला मदत करतं. दात उगवल्यावर त्यावर लागलेलं फ्लोराइड उपयोगी, दात घडत असताना पोटात गेलेलं जास्तीचं फ्लोराइड घातक. म्हणून मोठ्यांनी पेस्ट टाकून द्यायचं कारण नाही. लहान मुलाच्या ब्रशवर ती अगदी थोडी घ्यावी आणि त्यानं ती गिळू नये, एवढं बघावं.

दंतवैद्याला डागाळलेल्या तोंडात आणखी एक गोष्ट वाचता येते. पुढचे दात आणि पहिली दाढ डागाळलेली, पण बाराव्या वर्षी आलेली दुसरी दाढ स्वच्छ असेल, तर मूल साधारण तीन-चार वर्षांचं असताना घराचं पाणी बदललं असणार, कारण त्या दाढेचं इनॅमल तेव्हा कुठं बनायला लागतं. इनॅमल थराथरानं वाढतं आणि फ्लोरोसिसच्या रेषा त्या वाढीच्या रेषांना धरून उमटतात. बीड-जालन्याकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन निघतात. त्यांची लेकरं जवळपास सहा महिने कारखान्याच्या फडावर मिळेल ते पाणी पितात, उरलेले सहा महिने गावच्या बोअरचं. त्यांच्या पुढच्या दातांवरचे थर एकदा नीट, भिंगाखाली, बघितले जावेत, आणि प्रत्येक मुलाच्या नावापुढे जन्मसाल आणि पहिल्या तीन वर्षांत पाणी कुठलं होतं ते लिहिलं जावं, असं मला फार वाटतं. ते सांगू शकेल अशी आई किंवा आजी अजून प्रत्येक घरात आहे.